घरी माता आहे, असं मी सांगितलं

डॉक्टरांनी कुसुमचा तळवा उजेडाकडे वळवून पाहिला, मग तळपाय पाहिले आणि खुर्ची मागे सरकवली. "ये चेचक है. स्मॉलपॉक्स," ते म्हणाले. स्मॉलपॉक्स म्हणजे आपली देवी. आमच्या घरात तिला माता म्हणायचे.

कुसुम माझी मुलगी, चार वर्षांची. तापाचा चौथा दिवस होता आणि तोवर आम्ही गोवर समजून बसलो होतो. कांजिण्यांचे फोड पोटापाठीवर जास्त येतात, देवीचे तोंडावर आणि हातापायांवर, आणि तळव्यावर आले की शंका उरत नाही, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. "इलाज नहीं है, देखभाल है. आँखें बचानी हैं," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "टीका क्यों नहीं लगवाया?" टीका म्हणजे देवीची लस, ती टोचण्याला आम्ही देवी काढणं म्हणायचो.

डॉक्टर बंगाली होते, तरुण, आणि आठ दिवस न झोपल्यासारखे दिसत होते. प्रश्न मला होता, पण पाहत होते ते गिरजाकडे. गिरजा म्हणजे माझी बायको. लहानपणी तिला देवी येऊन गेलेली, चेहऱ्यावर तिचे व्रण, कपाळाला मोठं कुंकू आणि पदरात कडुलिंबाचा पाला बांधलेला. "क्यों, माताजी ने मना किया था?" डॉक्टर म्हणाले. मी खाली पाहिलं. गिरजानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तीही काही बोलली नाही. डॉक्टरांनी केस पेपरवर इंग्रजीत एक ओळ लिहिली. मला इंग्रजी येत नव्हतं, तरी ओळ काय असेल ते कळलं.

ती ओळ खोटी होती. आज या वयात कागद घेऊन बसलोय तो त्या ओळीसाठी. पुन्हा कुठे साथ आली आणि तुमच्या दारात सुईवाला उभा राहिला, तर माझ्यासारखं वागू नका, एवढंच सांगायचं आहे. पण नुसतं सांगून कोणी ऐकत नाही, मी तरी कुठे ऐकलं होतं, म्हणून सगळंच सांगतो.

मी भंडाऱ्याकडचा. घरची धानाची शेती भावांमध्ये वाटून एवढीशी राहिली, म्हणून भिलाईला रशियाच्या मदतीनं पोलादाचा कारखाना उभा राहतोय हे ऐकून आलो. भट्टीच्या आत विटांचं अस्तर लावण्याचं काम मिळालं. नोकरीत घेताना मेडिकल झालं, तेव्हा माझी देवी काढली होती. म्हणजे मी सुरक्षित होतो, आणि गिरजाही, कारण एकदा देवी येऊन गेली की पुन्हा येत नाही. याला डॉक्टर इम्युनिटी म्हणतात, म्हणजे शरीरानं एकदा मार खाऊन शिकून ठेवलेला बचाव. घरात उघडी होती ती एकटी कुसुम.

त्या वेळी आम्हाला अजून सेक्टरातलं क्वार्टर मिळालं नव्हतं. सुपेल्याच्या अलीकडे पत्र्याच्या चाळींचा लेबर कॅम्प होता, तिथे राहायचो. मी लाल झेंड्याचा माणूस. नुसता वर्गणी देणारा नव्हे, गेटवर पत्रकं वाटणारा, भिंती रंगवणारा. देवबिव सगळं थोतांड, असं गिरजाला जेवताना ऐकवायचो. ती वाढत राहायची. "झालं का तुमचं भाषण? भात घ्या," म्हणायची.

उन्हाळ्याच्या तोंडी सुपेल्यात आणि उतईकडच्या खेड्यांत देवीची साथ पसरली. कॅम्पात घरोघर जाऊन देवी काढायचं ठरलं. पण घरोघर फिरवायला माणसं दिली ती दुसऱ्या युनियननं, पांढऱ्या टोपीवाल्यांनी. टीकेवाल्याच्या पुढे त्यांचे दोन स्वयंसेवक, हातात रजिस्टर. नाव, बापाचं नाव, खातं आणि अंगठा. आणि नेमकं त्याच महिन्यात कोणत्या युनियनचे सभासद किती, हे पाहायला लेबर ऑफिसची माणसं येणार होती.

आमच्या सेक्रेटरींनी मीटिंग घेतली. "हे अंगठे उद्या सभासदांच्या यादीवर दिसतील," ते म्हणाले. "आपल्या एकाही घराचा अंगठा त्या रजिस्टरवर नको." हे खरं होतं की खोटं, मला आजवर माहीत नाही. बहुधा खोटंच असावं. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, आम्हाला दुसऱ्याच्या प्रत्येक कागदात डाव दिसायचा. मी हात वर करून हो म्हणालो.

गिरजाला हे सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"मी तं काढून घेईन पोट्टीची देवी," ती म्हणाली.

"अवं, तुझी माता रागावणार नाही का?" मी तिला चिडवलं.

"मायले राग कावून येईन? तिचाच प्रसाद हाय थो. थोडासा घेतला का ती मोठ्या रूपानं येत नाही, असं माझी आजी सांगे. गावात सुईवाला उशिरा आला म्हणून माझं तोंड असं झालं. मी सोसलं थे पोरीनं कावून सोसाचं?" मग थोडं थांबून म्हणाली, "अन् तुमचे रशियावाले साहेब तं दवाखान्यासमोर बाह्या वर करून रांगेत उभे हायत. मी पाहून आली. त्यायले नाही का युनियन?"

मी आवाज चढवला. नाचता येईना, अंगण वाकडं.

तरी मला माहीत होतं की टीकेवाला दारात आला तर ही पोरीला घेऊन उभी राहील. आणि मी दारात उभा राहून युनियनचं कारण सांगितलं असतं, तर कारखान्यात माझ्या नावावर लाल रेघ पडली असती. साथीत आडवं येणाऱ्याला नोकरीवरून काढू, असं गेटवर लिहिलं होतं. मग मी आमच्या लोकांनाच सुचेल अशी युक्ती केली. कामावरून येताना कडुलिंबाची डहाळी तोडली आणि दाराच्या चौकटीला बांधली.

हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. दारावर कडुलिंब म्हणजे घरात माता आली आहे. त्या घरात परकं माणूस पाऊल टाकत नाही, चामड्याची चप्पल जात नाही, कोणी मोठ्यानं बोलत नाही. दारावरूनच हात जोडून माघारी फिरायचं. देवीला न मानणाऱ्या मी देवीलाच दारवान केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले. पुढे टेंभरे होता. तो शेजारच्या चाळीत राहायचा, आमच्याच भागातला, माझ्याच गँगमध्ये विटा लावणारा, पण पांढऱ्या टोपीचा. आमचं रोज वाजायचं. त्यानं डहाळी पाहिली आणि टोपी काढली.

"कोनाले आली, महादेवभाऊ?"

"कुसुमले," मी म्हणालो. गिरजा नळावर पाण्याला गेली होती आणि कुसुम तिच्याबरोबर. टेंभऱ्यानं चौकटीला हात लावून कपाळाला लावला. टीकेवाल्याला म्हणाला, "आगे चलो भैया, माता है." टीकेवाल्यानं पाटीवर खडूनं काहीतरी खूण केली आणि सगळे पुढच्या घराकडे गेले. मला अगदी सोपं काम झाल्यासारखं वाटलं.

गिरजा परत आली आणि घागर कडेवर घेऊनच दारात उभी राहिली.

"घरी माता नाही अन् डहाळी बांधली?"

"दोन दिवस राहू दे. मग काढतो."

"काढाले ती काय तुमच्या युनियनचा झेंडा हाय? मायचं नाव घेतलं, आता पाळाचं तं लागन. खोटं बोलले तुमी, अन् पाळाचं मले."

आणि तिनं खरोखर पाळलं. आठ दिवस घरात फोडणी दिली नाही, तळण केलं नाही, केस विंचरले नाहीत. चाळीतल्या बायका थंड दहीभात आणि नारळ दारात ठेवून जायच्या. त्या प्रत्येक नारळाला ती आतून हात जोडायची आणि रडायची. कुसुमला तिनं आत ठेवलं, कारण ती बाहेर खेळताना दिसली असती तर माझं पितळ उघडं पडलं असतं. आठव्या दिवशी तिनं स्वतःच पाणी शिंपडून डहाळी उतरवली आणि पोरीला अंगणात सोडलं. पोर आठ दिवस कोंडलेली, ती धावत गेली ती थेट कोपऱ्यावरच्या हातपंपावर, जिथे सगळ्या चाळींची मुलं जमायची.

तिथून दोन आठवड्यांनी तिला ताप भरला.

दवाखान्याच्या मागे, बऱ्याच अंतरावर, पत्र्याची लांब शेड होती. तो आयसोलेशन वॉर्ड, म्हणजे साथीच्या रोग्यांना वेगळं ठेवायची जागा. गिरजाला आत राहू दिलं. माझी पुन्हा एकदा देवी काढली आणि मला जाळीच्या खिडकीपर्यंत जायची परवानगी मिळाली. पाळी संपली की मी कामाच्या कपड्यांवरच तिथे जायचो, समोरच्या मोहाच्या झाडाखाली बसायचो. माझ्यासारखे आणखी सात-आठ बाप आणि भाऊ असायचे. कोणी कोणाशी फार बोलायचं नाही. नर्स दारात आली की सगळे उठून उभे राहायचे आणि तिनं एकाचं नाव घेतलं की बाकीचे खाली बसायचे.

पाचव्या-सहाव्या दिवशी फोड पाण्यानं भरले. आठव्या दिवशी त्यांत पू झाला आणि उतरलेला ताप परत चढला. याला सेकंडरी इन्फेक्शन म्हणतात, म्हणजे आधीच्या जखमेत शिरलेला दुसरा रोग. त्यासाठी पेनिसिलीनची सुई सुरू केली. कुसुमचा चेहरा इतका सुजला की नाक कुठे आणि डोळे कुठे ते कळेना. खाजवू नये म्हणून तिच्या हातांना मऊ कापड गुंडाळून बांधलं होतं. तिचा आवाज गेला होता. ती नुसती तोंड उघडायची आणि गिरजा चमच्यानं पाणी घालायची. मी जाळीला तोंड लावून "कुसुम" म्हणायचो. ती माझ्या दिशेला वळायचीही नाही.

दहाव्या दिवशी डॉक्टर मला झाडाखाली शोधत आले. "बायीं आँख के कॉर्निया में अल्सर है," ते म्हणाले. कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा काचेसारखा पडदा, आणि अल्सर म्हणजे त्यावरची जखम. ते तासातासाला डोळा धुऊन औषध घालत होते. "उजवा वाचेल. डाव्याचं मी काही सांगत नाही," असं ते हिंदीत म्हणाले. मग जाता जाता थांबले. "लागण झालेल्या माणसाजवळ गेल्यावर तीन दिवसांच्या आत टीका लागला असता, तरी एवढं झालं नसतं. तुम्ही त्या बाईला समजवायला हवं होतं. तुम्ही तर शिकलेले दिसता."

मी हो म्हणालो. तोंड उघडून मी एवढंच म्हणालो.

त्याच आठवड्यात आमचे सेक्रेटरी भेटायला आले. दूर रस्त्यावरच उभे राहिले. धीर दिला, व्यवस्थापनाच्या हलगर्जीपणावर दोन वाक्यं बोलले. मी सहज विचारलं, तुमच्या घरी सगळे बरे ना. "हो, हो. मी दोघा पोरांना दुर्गला म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात नेऊन टोचून आणलं. तिथलं रजिस्टर सरकारी असते ना," ते म्हणाले. अगदी सहज म्हणाले, त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नाही. दुर्ग काही काळ्या पाण्यावर नव्हतं. सायकलनं अर्धापाऊण तास. मलाही नेता आलं असतं, कोणत्याही सुट्टीच्या दिवशी. मला ते सुचलंही नव्हतं. मी आज्ञा मानण्यात इतका गुंतलो होतो की पळवाट शोधायचं डोकंच चाललं नाही. त्यांचा राग यायला हवा होता. पण मी इतका थकलो होतो की रागही आला नाही. नुसतं बसावंसं वाटलं.

टेंभरे मात्र जवळ येऊन बसला. तो रोज यायचा, गिरजासाठी बिनफोडणीचा वरण-भात डब्यात घेऊन. एक दिवस तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "महादेवभाऊ, माता एका माणसाले दोनदा येत नाही."

मी पायाखालची माती उकरत राहिलो.

"पोट्टीले दवाखान्यात आणलं, त्या पहिल्याच दिवशी मले समजलं होतं," तो म्हणाला. "पन मी आमच्या युनियनमंदी कोनाले सांगतलं नाही. सांगतलं असतं तं तुमची लय छीथू झाली असती." मग डब्याचं झाकण घट्ट करत म्हणाला, "टीकेवाल्याले घेऊन आलो, त्या दिवशी मी आत येऊन पाहाले पाहिजे होतं. पन डहाळी होती ना. डहाळी ओलांडून कसा येऊ?"

त्याच्या श्रद्धेवर मी चाळभर विनोद सांगत फिरायचो. त्या माणसानं माझ्या शब्दावर नव्हे, देवीच्या शब्दावर विश्वास ठेवला होता, आणि तो शब्द मी खोटा केला होता.

खपल्या गळायला महिना लागला. त्या पूर्ण गळेपर्यंत रोग्याला घरी सोडत नाहीत, कारण खपलीतूनही रोग पसरतो. कुसुम घरी आली तेव्हा एवढीशी झाली होती, चेहऱ्यावर खड्डे आणि डाव्या डोळ्यावर पांढरा ठिपका. त्या डोळ्यानं तिला पुढे कधीच दिसलं नाही. तिनं घरात आल्यावर पहिलं काय केलं असेल तर भिंतीवरचा आरसा मागितला. गिरजानं दिला. मी बाहेर निघून गेलो.

कॅम्पात सगळे गिरजालाच बोलले. "अडाणी बाई, देवीच्या नादी लागून पोरीचा डोळा घालवला." हेल्थ इन्स्पेक्टर येऊन तिला चार बायकांसमोर बोलून गेला. मी एकदा तिला म्हणालो की मी सगळ्यांना खरं सांगतो. ती म्हणाली, "काही सांगू नका. पोट्टीले दर महिन्यात डोळा दाखवाले न्यावं लागते. तुमच्यावर रुसली, तुमच्या सायकलवर बसत नाही म्हणली, तं कोन नेईन तिले? माझ्यावर रुसली तं रुसू द्या. मी घरातच हाय." मला ते बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण बरं वाटलं, आणि मी गप्प बसलो.

कुसुम सातवीत असताना तिनं दवाखान्याचा जुना केस पेपर वाचला. तिला इंग्रजी येत होतं. आईनं धार्मिक कारणासाठी टीका नाकारला, एवढंच त्यात होतं. त्या दिवसापासून ती गिरजाशी तुटक वागू लागली. शाळेत मुली तिला हाक मारायच्या ते मी इथे लिहीत नाही. घरी आली की ती आईच्या देव्हाऱ्याकडे पाठ करून अभ्यासाला बसायची. गिरजा तिच्यासमोर ताट ठेवायची आणि सरकून बसायची. माझ्याशी मात्र ती हसून बोलायची. "बाबा, तुम्हीच एक समझदार हो इस घर में," असं म्हणायची. मी ते ऐकून घ्यायचो. एक वर्ष नाही, दोन नाही, पुढची कितीतरी वर्षं.

देव मानावा की न मानावा, याच्याशी माझं आता भांडण नाही. झेंडाही मी सोडला नाही, त्या झेंड्यानं आम्हाला माणसासारखं वागवून घ्यायला शिकवलं. पण आजारपणाच्या दारात यांतल्या कोणालाही राखण बसवू नका. जी बाई देवीला मानत होती तिला सुई हवी होती. जो माणूस मानत नव्हता त्यानं देवी पुढे केली. म्हणून कोणाच्या कपाळावरचं कुंकू पाहून केस पेपर लिहू नका, एवढं डॉक्टरांनाही सांगतो. त्या बंगाली डॉक्टरांचा मात्र मी ऋणी आहे. उजवा डोळा त्यांनी वाचवला, तासातासाला स्वतः उठून. त्या एका डोळ्यावर कुसुम शिकली, शाळेत शिक्षिका झाली, तिचं लग्न झालं.

बाळंतपणाला ती आमच्याकडे आली होती. मुलगा दोन महिन्यांचा झाला आणि त्याला पहिलं इंजेक्शन द्यायचा दिवस आला. गिरजा सकाळपासून तयार होऊन बसली होती, धुतलेलं लुगडं नेसून, दुपटी पिशवीत घालून. कुसुमनं तिच्या हातातून पिशवी घेतली.

"तू मत आ, आई," ती म्हणाली. "मी बाबांसंग जातो. तुझी देवी पुन्हा मधात यायची."

गिरजा पायातली चप्पल काढून परत आत जायला निघाली.

मी पलंगावर बसलो होतो. बसल्या बसल्याच सगळं सांगितलं. रजिस्टर, मीटिंग, डहाळी, डॉक्टरांनी लिहिलेली ओळ. फार वेळ लागला नाही. इतकी वर्षं जे धरून ठेवलं होतं ते सांगायला चहा निवण्याएवढाही वेळ लागला नाही.

कुसुम उभीच होती. तिनं आधी आईकडे पाहिलं. "तुले मालूम होतं? मी तुझ्यावर रागावून राहिली हे मालूम होतं, तरी नाही बोलली?"

"आता कावून सांगतलं यायनं?" गिरजा माझ्यावरच चिडली. "दवाखान्यात जावाचं हाय अन् हे रडवून राहिले पोरीले. चाल, उशीर होते, नंबर जाईन."

कुसुमनं बाळ उचललं आणि आईच्या हातात दिलं. तिची चप्पल तिच्या पायाशी सरळ करून ठेवली. मी सवयीनं उठलो, सदरा अडकवला आणि सायकलची किल्ली शोधू लागलो.

"बाबा," ती दारातून म्हणाली, "तुमी घरीच राहा."